रांगेला वळसा, पण कितीला?

रोलर कोस्टरच्या जिन्यापाशी दोन रांगा एकत्र येतात तिथे पार्कचा एक कर्मचारी साखळी धरून उभा असतो. डावीकडची रांग वळणं घेत पार मागच्या झाडांपर्यंत गेलेली, उजवीकडे जेमतेम दहा-बारा माणसं. उजवीकडे कुणी दिसलं की तिकडची साखळी निघते. तिकडे कुणी उरलं नाही की डावीकडची. पाऊण तास उन्हात उभा असलेला डावीकडचा माणूस आधी घड्याळाकडे बघतो, मग उजवीकडून येणाऱ्यांच्या हातातल्या पासाकडे. तिकीट काढताना जो हिशोब करायचा राहून गेला, तो आता त्याच्या मनात सुरू होतो.

एकाच दारासाठी दोन रांगा हे मराठी माणसाला नवीन नाही. लालबागच्या राजाला नवसाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. तिरुपतीला ३०० रुपयांचं विशेष प्रवेश दर्शन आहे, रेल्वेचं तत्काळ तिकीट तर घरोघरी ठाऊक आहे. पण देवदर्शनाची रांग दिवसात एकदाच लावायची असते. थीम पार्कात ती सात-आठ वेळा लावावी लागते, प्रत्येक रांगेची लांबी निराळी असते आणि ती तासातासाला बदलते. म्हणून ‘पास घ्यावा की नाही’ याचं एकच एक उत्तर मिळत नाही. हिशोब मात्र करता येतो, आणि तो निघण्याच्या आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत बसून पाच मिनिटांत होतो.

आधी हे पास आले कुठून ते पाहू. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडलं तेव्हा तिथला व्यवहार आपल्या जत्रेसारखाच होता: आत शिरायचे पैसे वेगळे आणि प्रत्येक पाळण्याचे वेगळे. पुढे तिकिटांची पुस्तकं निघाली, त्यात ए, बी, सी अशा चढत्या श्रेणीची कुपनं असत. १९५९ मध्ये सगळ्यात वरची ‘ई’ श्रेणी आली. सर्वाधिक मागणी असलेल्या राइड्ससाठी हे कुपन लागे. ते अमेरिकन बोलीत इतकं रुजलं, की १९८३ मध्ये अंतराळात गेलेल्या सॅली राइड यांनीही आपल्या उड्डाणाचं वर्णन करताना ई-तिकिटाचाच दाखला दिला होता. १९८२ मध्ये कुपनं बंद झाली आणि एकदा पैसे भरून दिवसभर काहीही खेळा, अशी पद्धत आली. परिणाम उघड होता. गाजलेल्या राइडला आणि साध्या चक्राला आता एकच भाव, त्यामुळे सगळी गर्दी गाजलेल्या राइडवर.

त्यावर उतारा म्हणून डिस्नेने १९९९ मध्ये ‘फास्टपास’ आणला. तो फुकट होता. यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, तीवर छापलेल्या वेळेला परत यायचं, मधल्या वेळात दुसरीकडे फिरायचं. कल्पना छान होती, पण माणूस चिठ्ठी घेऊन दुसऱ्या राइडच्या रांगेत जाऊन उभा राहू लागला. म्हणजे एकच माणूस एका वेळी दोन रांगांत, एकीत चिठ्ठीने आणि एकीत देहाने. २०२१ मध्ये हा फुकटचा फास्टपास इतिहासजमा झाला आणि डिस्नेच्या फ्लोरिडातल्या पार्कांत त्याच्या जागी माणशी १५ डॉलरची ‘जिनी प्लस’ सेवा आली. वर्षभरात तिचा दर तारखेनुसार बदलू लागला. जुलै २०२४ मध्ये तिचं नाव ‘लायटनिंग लेन मल्टि पास’ झालं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर ‘प्रीमियर पास’ निघाला. फ्लोरिडाच्या मॅजिक किंग्डममध्ये त्याचा सुरुवातीचा दर दिवसानुसार ३२९ ते ४४९ डॉलर होता, कर आणि प्रवेशाचं तिकीट वेगळं. वरच्या टोकाला एका माणसाचे एका दिवसाचे पस्तीस हजार रुपयांहून जास्त. एवढे मोजूनही प्रत्येक राइडची वेगळी वाट एकदाच वापरता येते.

जगभरचे पास ढोबळमानाने तीन प्रकारांत बसतात.

पहिला प्रकार दिवसभराच्या एक्स्प्रेसचा. युनिव्हर्सल स्टुडिओजचा एक्स्प्रेस पास असा आहे. वेळ ठरवावी लागत नाही, राइडपाशी गेलं की वेगळ्या दाराने आत. त्यातही दोन पोटभेद: एक प्रत्येक राइडला एकदाच चालतो आणि दुसरा, अनलिमिटेड, कितीही वेळा. दुसरा प्रकार वेळ राखून ठेवण्याचा. डिस्नेचा मल्टि पास या जातीचा. अ‍ॅपवर ‘अमुक राइड, दुपारी दोन ते तीन’ अशी वेळ मिळते. यात पैशांबरोबर लक्षही द्यावं लागतं, कारण चांगल्या वेळा भराभर संपतात आणि घरातल्या एकाला दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसावं लागतं. तिसरा प्रकार सुट्या राइडचा. टोकियो डिस्नेने २०२२ मध्ये आणलेला ‘प्रीमियर अ‍ॅक्सेस’ असा आहे. एका राइडचे साधारण दीड ते अडीच हजार येन भरायचे, बाकीच्या राइड्सना साध्या रांगेत उभं राहायचं. पॅरिसच्या डिस्नेलँडमध्येही राइडगणिक पैसे भरायची सोय आहे. ज्याला एक-दोनच मोठ्या राइड्स करायच्या आहेत त्याला हा तिसरा प्रकार सगळ्यात स्वस्त पडतो. पहिला प्रकार महाग, पण डोक्याला ताप सगळ्यात कमी.

आता हिशोब. महाराष्ट्रातून उन्हाळ्याच्या सुट्टीत बरीच कुटुंबं सिंगापूरला जातात आणि त्यातला एक दिवस सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजसाठी राखतात. समजा, अशाच एका चौघांच्या कुटुंबाने सहा राइड्स ठरवल्या आहेत. मध्यम गर्दीच्या दिवशी साध्या रांगेत सरासरी ४० मिनिटं आणि एक्स्प्रेसने १० मिनिटं लागतात असं धरू. राइडमागे ३० मिनिटं वाचली, सहा राइड्सची १८० मिनिटं, म्हणजे तीन तास. पासाचा त्या दिवशीचा दर माणशी ८० सिंगापूर डॉलर धरला, तर वाचलेला एक तास सुमारे २७ डॉलरला पडला.

त्याच कुटुंबाने अगदी मोकळा दिवस निवडला, तर पास ५० डॉलरला मिळतोय असं धरू. स्वस्त वाटतो. पण त्या दिवशी साधी रांग १५ मिनिटांची आणि एक्स्प्रेस ५ मिनिटांची. सहा राइड्समध्ये वाचला एकूण एक तास, आणि त्या एका तासाला पडले पूर्ण ५० डॉलर. उलट तोबा गर्दीच्या दिवशी पास १०० डॉलरचा, साधी रांग ७० मिनिटांची आणि एक्स्प्रेस १५ मिनिटांची असेल, तर साडेपाच तास वाचतात आणि तास १८ डॉलरला पडतो. हे आकडे नमुन्याचे आहेत, पण त्यातून दिसणारी गोष्ट खरी आहे: पासावरची किंमत जितकी कमी, तितका तो महाग पडण्याची शक्यता जास्त. दर पाहून घाईने पास घेणारे नेमके इथे फसतात.

गर्दीच्या दिवसाच्या हिशोबात आणखी एक मेख आहे. ७० मिनिटांप्रमाणे सहा राइड्स म्हणजे सात तास नुसतं उभं राहणं. त्यात जेवण, पाणी, बाथरूम आणि एका राइडवरून दुसरीकडे चालणं धरलं की उरलेल्या दिवसात या सहा राइड्स होतच नाहीत; होतात तीन किंवा चार. म्हणून अशा दिवशी वाचलेली मिनिटं मोजू नयेत, जास्तीच्या राइड्स मोजाव्यात. पासाने तीन जादा राइड्स मिळणार असतील, तर पासाच्या किमतीला तीनने भागावं. आलेल्या आकड्याकडे पाहून ‘या एका राइडचे एवढे दिले असते का?’ असं घरच्यांना विचारलं, की उत्तर चटकन मिळतं.

पुढची पायरी उंचीची, आणि ती बहुतेकजण विसरतात. या कुटुंबात आई-बाबा, तेरा वर्षांची मुलगी आणि ११८ सेंटिमीटर उंचीचा सात वर्षांचा मुलगा आहे असं समजू. सिंगापूरच्या पार्कात ‘ट्रान्सफॉर्मर्स’साठी किमान उंची १०२ सेंटिमीटर लागते, जुरासिक पार्कच्या पाण्यातल्या राइडसाठी १०७, ‘रिव्हेंज ऑफ द ममी’साठी १२२ आणि ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’च्या कोस्टरसाठी १२५. म्हणजे सगळ्यात मोठ्या चार राइड्सपैकी दोन धाकट्याला बंदच. पट्टीखाली उभं केल्यावर टाचा उचलून काही होत नाही. कर्मचारी बूट सपाट टेकवायला लावतो. आणि धाकटा बाहेर राहिला की आई किंवा बाबांपैकी एकाला त्याच्यापाशी थांबावं लागतं. तेव्हा चार पास घेतले, तर त्यातल्या दीड-दोन पासांचं काम अर्ध्यावर आलं. मुलांची उंची घरीच, बुटांसकट, दाराच्या चौकटीपाशी मोजावी आणि पार्कच्या यादीशी ताडून पाहावी. कित्येक घरांत पासाचा प्रश्न तिथेच सुटतो.

एकाला थांबावं लागतं त्यावर बहुतेक मोठ्या पार्कांत तोड आहे आणि ती फुकट आहे. डिस्ने तिला ‘रायडर स्विच’ म्हणतं, युनिव्हर्सल ‘चाइल्ड स्विच’. आई मुलीबरोबर राइड करून येते, बाबा लहानग्याला सांभाळतात. मग बाबा पुन्हा सगळी रांग न लावता आत जातात. अनेक ठिकाणी बाबांबरोबर मुलीला दुसऱ्यांदाही बसता येतं. यासाठी रांगेत शिरण्याआधीच तिथल्या कर्मचाऱ्याला सांगावं लागतं. ‘सिंगल रायडर’ची रांगही अशीच. चौघांच्या सीटवर तिघांचा गट बसला की एक जागा रिकामी राहते, ती भरायला एकेकट्या माणसांची वेगळी रांग असते आणि ती बहुधा लवकर सरकते. शेजारी अनोळखी माणूस बसतो, एवढंच. मुलं मोठी असतील आणि एकत्र फोटोचा हट्ट नसेल, तर ही रांग म्हणजे बिनपैशांचा एक्स्प्रेसच.

याहून मोठी फुकटची सवलत म्हणजे सकाळचा पहिला तास. दार उघडण्याआधी अर्धा तास जो फाटकाशी हजर असतो आणि आत शिरताच फोटोसाठी न रेंगाळता सगळ्यात गाजलेल्या राइडकडे जातो, त्याच्या दोन मोठ्या राइड्स बाकीची गर्दी आत येईपर्यंत उरकलेल्या असतात. आपल्याकडच्या सहलींत हा तास बहुतेक हॉटेलच्या नाश्त्यात जातो. टूर कंपनीची बस साडेदहा-अकराला पोहोचणार असेल, तर हा फायदा गेलाच म्हणायचा, आणि मग पासाकडे जरा जास्त आपुलकीने पाहावं लागतं.

कॅलेंडर पाहताना आपल्या सुट्ट्या पाहून उपयोग नाही, पार्क ज्या देशात आहे तिथल्या पाहाव्यात. सिंगापूरच्या शाळांची मधली मोठी सुट्टी मे महिन्याच्या अगदी शेवटी सुरू होते आणि जूनभर चालते. म्हणजे महाराष्ट्रातल्या शाळांना सुट्टी असताना मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिथली मुलं वर्गात असतात. त्या काळातला मंगळवार किंवा बुधवार आणि जूनमधला शनिवार यांत पासाची गरज पूर्ण बदलते. मेच्या सुरुवातीला मात्र चीनमधल्या कामगार दिनाची सुट्टी जोडून येते आणि जपानमध्ये एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात ‘गोल्डन वीक’ असतो. त्या दिवसांत टोकियोच्या पार्कात पाय ठेवायला जागा नसते. अमेरिकेत नाताळ ते नववर्ष हा आठवडा सर्वांत वाईट. तेव्हा पास घ्यायचाच असेल, तर आधीच घ्यावा, कारण विक्रीला ठरावीक संख्येचेच पास असतात आणि अशा दिवशी ते संपतात.

भारतातली पार्कंही या व्यवहारात मागे नाहीत. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेजवळ खोपोलीपाशी २०१३ मध्ये सुरू झालेल्या इमॅजिकात साध्या तिकिटाशिवाय जास्त पैशांचं एक्स्प्रेस तिकीट मिळतं. बंगळुरू, कोची, हैदराबाद आणि भुवनेश्वरला पार्कं असलेल्या वंडरलाचा ‘फास्टट्रॅक’ साध्या तिकिटाच्या जवळपास दुप्पट किमतीला पडतो. इथला हिशोब परदेशापेक्षा वेगळा होतो. पुण्याच्या किंवा पनवेलच्या कुटुंबाला इमॅजिकाला पुन्हा येता येतं. एखादी राइड राहिली, तर ती पुढच्या खेपेला होईल. त्यामुळे दुप्पट पैसे मोजण्यापेक्षा शाळा चालू असतानाचा कामाचा वार निवडून एक दिवस रजा टाकणं बहुतेकांना परवडतं. एक सावधगिरी मात्र बाळगावी: डिसेंबर-जानेवारीत कामाचा वारही मोकळा नसतो. तो शाळांच्या सहलींचा हंगाम असतो. पार्किंगमध्ये पिवळ्या बसची ओळ लागलेली दिसली, की इमॅजिकातल्या ‘नायट्रो’ कोस्टरखाली काय चाललं असेल याचा अंदाज तिकीट खिडकीवरच येतो.

पार्कात पोहोचल्यावर पास घ्यायचा की नाही हे ठरवायचं असेल, तर एक साधी मोजणी करता येते. अ‍ॅपवर किंवा दाराशी लावलेल्या वेळेवर सगळा भरवसा ठेवू नये. ती बरेचदा थोडी फुगवलेली असते, म्हणजे साठ मिनिटं वाचून उभा राहिलेला माणूस पंचेचाळिसाव्या मिनिटाला खूश होतो. त्यापेक्षा राइडसमोर पाच मिनिटं उभं राहून सुटणाऱ्या गाड्या मोजाव्यात. एका गाडीत २० सीट आणि दर दोन मिनिटांनी एक गाडी, म्हणजे मिनिटाला दहा माणसं. पुढे तीनशे माणसं असतील, तर अर्धा तास. रांगांचं गणित मांडणारे जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सोप्या भाषेत हेच सांगतो: रांगेतली माणसं भागिले मिनिटाला आत जाणारी माणसं, म्हणजे थांबण्याची वेळ. पण पाहताना साखळीकडेही लक्ष ठेवावं. प्रत्येक गाडीतल्या दहा सीट एक्स्प्रेसवाल्यांना जात असतील, तर साध्या रांगेला मिनिटाला पाचच माणसं पुढे सरकतात आणि तोच अर्धा तास एका तासाचा होतो.

पासाने राइडची क्षमता वाढत नाही, हे या मोजणीत स्वच्छ दिसतं. गाडीत सीट तेवढ्याच राहतात. एकाची वाचलेली मिनिटं दुसऱ्याच्या थांबण्यात जमा होतात. हार्वर्डचे तत्त्वज्ञ मायकेल सँडेल यांनी पैशाने काय विकत घेऊ नये यावर २०१२ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाची सुरुवातच रांग मोडण्यापासून होते आणि त्यात मनोरंजन पार्कांचा दाखला आहे. काही पार्कं पासवाल्यांची वाट मागच्या बाजूने नेतात, म्हणजे साध्या रांगेच्या डोळ्यांवर ते येत नाही. मुलं मात्र विचारतात. ‘ते आधी का गेले?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं हे आई-बाबांनी ठरवून ठेवलेलं बरं, साखळीच्या कोणत्याही बाजूला उभं असलं तरी.

रांग नेहमीच वाया जाते असंही नाही. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये वाट पाहण्याच्या मानसशास्त्रावर लिहिलेला लेख प्रसिद्ध आहे. त्यांचं निरीक्षण असं, की काही करत घालवलेला वेळ रिकाम्या बसलेल्या वेळेपेक्षा कमी वाटतो. पार्कं बांधणाऱ्यांनी हे पुरतं ओळखलंय. ऑर्लँडोत हॅरी पॉटरच्या ‘फॉरबिडन जर्नी’ची रांग हॉगवर्ट्सच्या किल्ल्यातूनच जाते: बोलणारी चित्रं, डंबलडोरची खोली, मंद उजेडातले बोळ. पुस्तकं पाठ असलेल्या मुलासाठी ही रांग राइडइतकीच मोलाची असते. घाईने पुढे जाणाऱ्याच्या हातून यातलं काही निसटतं. उलट पत्र्याच्या छपराखाली लोखंडी कठड्यांमधून सरकणारी रांग असेल, तर तिथे पासाचे पैसे सार्थकी लागतात. साठीच्या पुढचे आजी-आजोबा, गरोदर सून, किंवा गुडघेदुखी असलेलं कुणी बरोबर असेल, तर हिशोब मिनिटांवर न करता पायांवर करावा. मात्र त्यांच्या बहुतेक मोठ्या राइड्स तशाही होणार नसतात. त्यांच्यासाठी पास घेण्यापेक्षा सावलीतली चांगली जागा शोधून देणं जास्त उपयोगाचं.

एकूण पाहता, पास घ्यावा अशी माणसं ठरावीक आहेत: परदेशातल्या पार्कात आयुष्यात बहुधा एकदाच येणारी, हातात एकच दिवस असलेली, गर्दीच्या तारखेला अडकलेली, आणि सगळ्यांची उंची १२५ सेंटिमीटरच्या पुढे असलेली. यातल्या दोन-तीन गोष्टी लागू नसतील, तर सकाळी लवकर निघणं आणि सिंगल रायडरची रांग यावर भागतं. सगळ्यांनी घेतला पाहिजे असंही नाही. बारा-चौदा वर्षांच्या दोघा भावंडांपुरते दोनच पास घेऊन आई-बाबांनी निवांत बसायलाही हरकत नसते.

पैसे भरण्याआधी पासाखालच्या बारीक अक्षरांतल्या तीन गोष्टी वाचाव्यात: पास प्रत्येक राइडला एकदाच आहे की कितीही वेळा, कोणत्या राइड्स त्यात धरलेल्या नाहीत, आणि राइड बंद पडली तर पैसे परत मिळतात का. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी ‘नाही’ किंवा ‘दुसरी राइड घ्या’ असं असतं. फ्लोरिडात उन्हाळ्यात जवळपास रोज दुपारी विजांसह पाऊस येतो आणि वीज जवळ आली की उघड्यावरचे कोस्टर थांबवले जातात. सिंगापुरातही दुपारच्या सरी नेहमीच्या. म्हणून एक्स्प्रेस हातात असला तरी उघड्यावरच्या राइड्स सकाळी उरकाव्यात आणि छपराखालच्या दुपारसाठी ठेवाव्यात. आकाश भरून येतं तेव्हा दोन्ही रांगांतली माणसं एकाच आडोशाखाली उभी असतात.